सपाटावर बंद न करायची गाडी

आमच्या घरात लेकरू जरा कळतं झालं की त्याला दोन गोष्टी शिकवायचे. ताटात उष्टं टाकायचं नाही आणि गाडी सपाटावर बंद करायची नाही. पहिली गोष्ट सगळ्यांच्या घरात शिकवतात. दुसरी फक्त आमच्या.

गाडी म्हणजे आबांची काळी टॅक्सी. आबा म्हणजे माझे वडील. आता चौऱ्याऐंशीचे आहेत, कुसगावात माझ्याजवळ असतात आणि अजूनही रोज सकाळी चहा गार आहे म्हणून एकदा तरी ओरडतात. टॅक्सी माझ्याहून वयानं मोठी. गोल दिवे, पुढची सीट सलग, आणि दाराची हँडलं अशी की बोट अडकलं तर साल निघालंच पाहिजे. लोणावळ्याच्या स्टेशनबाहेर, स्टँडवर, आबांनी ती वर्षानुवर्षं चालवली. पाहुण्यांना पॉइंट दाखवले, धरण दाखवलं, धुक्यात पुढचं माणूस दिसत नसताना "हितनं समदं कोकण दिसतं" असं बिनदिक्कत सांगितलं. मी आठवीत असताना तिचा स्टार्टर गेला तो गेलाच. किल्ली फिरवून खटका ओढला की आतून नुसतं 'टक्' व्हायचं. पुढं काही नाही.

दुसरा कुणी असता तर त्यानं स्टार्टर बदलला असता. आबांनी उतार शोधले.

गाडी उतारावर लावायची. निघताना ब्रेक सोडायचा, जरा वेग आला की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, गाडी एक हिसका देते आणि चालू होते. मावळात उताराला काय तोटा? कुठल्या गावात कुठल्या दारासमोर किती उतार आहे हे आबांना तोंडपाठ होतं. आत्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ते गेले नाहीत. म्हणाले, "घर झ्याक हाये, पर दारात उतार न्हाई." आत्या वर्षभर बोलत नव्हती. माझ्या लग्नाचं कार्यालय नेमकं सपाटावर होतं, तर गाडी हळदीपासून पाठवणीपर्यंत चालू ठेवली होती. माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत मागं निळा धूर आहे. सासूबाई विचारायच्या, हे कसलं धुपाटणं?

एका दिशेला मात्र ती गाडी कधी गेली नाही. वडगावच्या पुढं, तळेगाव-वराळ्याकडं. "तिकडं समदं सपाट हाये," आबा म्हणायचे. बाकी कुणाला ते पटत असेल. मला खरं कारण माहीत होतं, कारण ते घडलं तेव्हा मी तिथं दप्तर पाठीला लावून उभी होते.

आबांचे एक जिवाभावाचे दोस्त होते. मी त्यांना काका म्हणायची. बाजाराच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चालायचं. गाड्यांचे स्टार्टर, डायनामो उघडायचे, आतली जळलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे घालून भरायची. लोणावळ्यात ह्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आबा आणि ते एका डब्यात जेवायचे. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची. कुठल्या नटाला कुठला पाना लागतो ते मला त्यांनीच शिकवलं. मुलगी म्हणून हाकललं नाही कधी.

त्या वर्षी श्रावणात काकांनी आमच्या गाडीचा स्टार्टर नव्यानं भरला. पावसाळाभर गाडी एका खटक्यात सुरू व्हायची. मग दसरा झाला. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी 'टक्'.

स्टँडवरच्या कुणीतरी आबांच्या कानात सोडलं, की त्यानं तुमचं चांगलं तांबं काढून विकलं असणार आणि आत हलकी तार कोंबली असणार. आबांचा पारा म्हणजे काय सांगायचं! विचारायचं नाही, बघायचं नाही, तडक गॅरेजवर. बाजाराचा दिवस होता, रस्ता माणसांनी भरलेला. तिथं उभं राहून आबा ओरडले, "चोर हायेस तू. माझं तांबं इकून खाल्लंस."

काकांचे दोन्ही हात ग्रीसनं माखलेले होते. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, येकदा बघू तर द्या."

"हात लावू नको माझ्या गाडीला."

बस्स. एवढंच झालं. पण गाडी दुरुस्त करणाऱ्याला भर बाजारात चोर म्हटलं की त्याचं काय राहतं? टॅक्सीवाले एकेक करून दुसरीकडं जायला लागले. वर्षाच्या आत शेडला कुलूप लागलं आणि काका बायकोच्या माहेरी, वराळ्याला निघून गेले. आमच्या घरात त्यांचं नाव निघेनासं झालं. आणि खोटं कशाला बोलू, मीही ते मानलं. काका चोर आहेत हे मी अडतीस वर्षं मानत आले.

आता मुद्द्यावर येते. मी तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला चोवीस वर्षं काढली. कारखाना हलला, आम्हाला घरी बसवलं. घरी बसणं मला जमत नाही. पहिल्या महिन्यात मी सगळी कपाटं आवरली, दुसऱ्या महिन्यात नवऱ्याचं डोकं खाल्लं. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या हॉटेलचा मालक आला आणि म्हणाला की तुमची ती जुनी गाडी द्या, गेटपाशी ठेवतो, बॉनेट काढून आत फुलझाडं लावू, लोक फोटो काढतील.

गाडीच्या पोटात झेंडू! माझं डोकंच फिरलं. गाडी दहा-बारा वर्षं मागच्या पत्र्याखाली उभी होती, हे खरं. आबांच्या मांडीचं हाड मोडल्यापासून कुणी तिला हात लावला नव्हता, हेही खरं. पण म्हणून कुंडी?

आबा खुर्चीतून म्हणाले, "दे देऊन. चोराच्या हातची वस्तू."

"मी चालू करून दाखवते," मी म्हटलं.

"तू?"

"मग काय, तुम्ही?"

त्यावर ते आणि मी दोन दिवस बोललो नाही. आमच्यात हे नवीन नाही. पण मनातली गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. मला तो स्टार्टर उघडून बघायचा होता. ती हलकी तार एकदा माझ्या डोळ्यांनी बघायची होती. ज्या माणसानं मला पाना धरायला शिकवला त्यानं असं का केलं, हे इतकी वर्षं कुठंतरी टोचत होतंच.

कामाला लागले. मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता, तो हलवला. टाकीतल्या पेट्रोलचा पार चिकट काढा झाला होता. कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलले, ब्रेकचे पाइप नवे घातले. काही कळलं नाही की कारखान्यातल्या जुन्या फोरमनला फोन लावायची, तो आधी हसायचा आणि मग सांगायचा. नवरा बॅटरी धरून उभा राहायचा, म्हणजे हातातली, उजेडाची, आणि बरोबर नको तिथं उजेड पाडायचा. महिना गेला. मग गाडीची नवी बॅटरी आणली, जोडली, देवाचं नाव घेऊन खटका ओढला.

टक्.

आबा आतून म्हणाले, "ऐकलं ऐकलं!"

मी स्टार्टर खोलला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि रिक्षानं लोणावळ्याला नेला. मोटारी भरणारं आता तिथं एकच दुकान उरलंय. दुकानदार माझ्याच वयाचा, तोंडात सुपारी. त्यानं स्टार्टर पुसला, दोन लांब स्क्रू काढले, आतला गाभा बाहेर ओढला आणि चघळायचा थांबला.

"हे काम कुनाचं हाये, ताई?"

मी म्हटलं, "का? काय घातलंय आत?"

"आवो काय घातलंय म्हंजे? बघा की!" त्यानं तो गाभा माझ्यासमोर धरला. जाडजूड तांब्याची तार, एकावर एक नीट वेढे, एकही वेढा तिरका नाही. वर सुती पट्टी घट्ट ओढून बांधलेली, आणि शेवटाला दोऱ्याच्या तीन गाठी, दाबून चपट्या केलेल्या. "अस्सल माल हाये. कारखान्यातनं येते त्याच्याहून जाड तार. असं आता कोन भरत न्हाई. आन् ह्या तीन गाठी... ह्या मला म्हाईत हायेत."

त्यानं स्टार्टर परत बांधला, खाली फरशीवर पायाखाली दाबून धरला आणि बॅटरीच्या दोन वायरी टेकवल्या. अडतीस वर्षांत न फिरलेला तो स्टार्टर असा गरकन् फिरला की दुकानदाराचा पायच निसटला.

मी तिथल्या स्टुलावर बसले. चांगला होता. स्टार्टर पहिल्यापासून चांगला होता. चोरी झालीच नव्हती.

"माज्या गुरूचं काम हाये हे," तो म्हणाला. "वराळ्याला असत्यात. हायेत अजून, ठनठनीत हायेत. इहिरीवरच्या पंपाच्या मोटारी भरत्यात. पर गाडीचं काम न्हाई घेत. म्या दोन-तीनदा पाठवलं कुनाला, तर म्हनले, गाडी सोडून काय पन आन."

मी विचारलं, "का बरं?"

"कुनी तरी कायतरी बोललं हुतं म्हनं फार वर्साखाली."

मी स्टार्टर उचलला आणि घरी आले. त्या कुणीतरीच्या घरी.

स्टार्टर बसवला. खटका ओढला. टक्. पुन्हा ओढला. टक्. ह्या वेळी मी चाकाला लाथ घातली आणि अंगठा असा ठेचला की डोळ्यांत पाणी आलं. अरे, स्टार्टर चांगला, बॅटरी नवी, वायरी नव्या, मग मेलं अडतंय कुठं? रागारागानं गार इंजिनाला पेट्रोल वाढवून देणारा चोक बाहेर ओढून चार-पाच वेळा खटका खेचत राहिले आणि चोक परत ढकलायला गेले तर बोट चटकन भाजलं. चोकचा गोळा तापला होता. बॉनेटखाली बघितलं तर चोकची बारीक वायर धुपत होती.

आता चोकच्या वायरीत करंट असतो का कधी? ती नुसती ओढायची दोरी. मी पायरीवर बसले, बोट तोंडात धरलं आणि विचार केला. असा प्रकार मी कारखान्यात पाहिला होता, एका क्रेनच्या बाबतीत. बॅटरीतून निघालेल्या करंटला परत बॅटरीकडं यायला वाट लागते. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत त्यासाठी एक रुंद, तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते, अर्थिंगची. ती वाट बंद झाली की तो बिचारा मिळेल त्या फटीतून यायला बघतो. इथं चोकच्या वायरीतून येत होता. तेवढ्यावर इंजिन चालू राहतं, पण स्टार्टर फिरवायला ते पुरत नाही.

पोतं अंथरून मी गाडीखाली शिरले. अर्थिंगची पट्टी सापडेना. हातानं चाचपत गेले तेव्हा लागली. दिसणार कशी? सांगाडा काळा, पट्टीही काळी. नट सोडवायला अर्धा दिवस गेला. पट्टी सुटली आणि मी तिच्या टोकाला चाकू लावला. काळा रंग निघाला. त्याखाली पुन्हा काळा. मध्ये कुंकवाचा लाल थर. पट्टीच्या खालच्या अंगाला, जिथं धातूला धातू टेकायला हवा, तिथंही काळा रंग, दोन हात, अगदी नीट दिलेला.

आणि मला तो दसरा आठवला.

दसऱ्याला आमच्याकडं गाडीला रंग लागायचा. बाहेरून नाही, तो मोठा खर्चाचा प्रकार. खालून, सांगाड्याला, गंज लागू नये म्हणून. रंग वाळला की दसऱ्याच्या सकाळी धुऊन पुसून पूजा, हार, कुंकू, चाकाखाली लिंबू. आबा स्वतः घाईघाईनं ब्रश फिरवायचे. त्या वर्षी सुट्ट्यांची गर्दी होती, त्यांना फुरसत नव्हती, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी जीव ओतून केलं. आबा पट्टीवरून वरच्यावर ब्रश मारायचे, मी तसं करणाऱ्यातली नव्हते. काकांनी शिकवलेला पाना लावून मी पट्टी काढली, खालची जागा रंगवली, पट्टी दोन्ही बाजूंनी रंगवली, उन्हात वाळवली, दुसरा हात दिला आणि नट आवळून जिथली तिथं लावली. आबांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "पोरीनं गाडी नवरीवानी केली." मला पेढा मिळाला होता. पुढं दर दसऱ्याला आबा त्याच्यावर नवा हात देत राहिले.

मी गाडीखाली पडल्या पडल्या रडले. रडले म्हणजे चांगली हुंदके देऊन रडले, एक्कावन्न वर्षांची बाई. माझ्या ब्रशानं एका माणसाचं दुकान बंद पडलं होतं आणि मी त्याबद्दल पेढा खाल्ला होता.

मग डोळे पुसले आणि रंग खरवडला. पॉलिश पेपर घेऊन घासत बसले, तांबं लाल दिसेपर्यंत, खालचं लोखंड पांढरं दिसेपर्यंत. पट्टी लावली. बाहेर येऊन गाडीत बसले आणि खटका ओढला.

गाडी चालू झाली. एका खटक्यात. नवरा पळत आला, आणि त्याच्या मागून काठी टेकत आबा.

"धक्का कुनी मारला?" आबांनी विचारलं.

"कुणी नाही."

मी गाडी बंद केली आणि पुन्हा चालू केली. मग मी त्यांना तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आतली जाड तार, तीन गाठी, रंग, पट्टी. रंग मी लावला होता हे आधी सांगितलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. "रंग मी लावला, आबा. पण चोर तुम्ही म्हणालात. बघू पण दिलं नाही तुम्ही त्यांना!"

मला वाटलं आता काठी येते. ते म्हणाले, "व्हय. म्याच म्हनलो." आणि आत गेले.

पुढचे तीन दिवस त्यांनी चहाबद्दल एक अक्षर काढलं नाही. गार दिला तरी प्यायले. मला धडकी भरली. चौथ्या दिवशी म्हणाले, "दसऱ्याला जाऊ वराळ्याला. सोनं द्यायच्या निमतानं."

तेव्हा जानेवारी चालू होता. मी म्हटलं, "दसऱ्याला नऊ महिने आहेत. तोवर तुम्ही राहाल की ते राहतील, कुणी लिहून दिलंय?"

"जीब आवर."

"तुमचीच आहे ती."

त्यांना हसू आलं. पण लगेच ते तोंड फिरवून म्हणाले, "त्यानं दारात हुबं न्हाई केलं तर?" आबांना भ्यालेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, नाही केलं तर रस्त्यावरून सांगून येऊ. त्यांनी तरी रस्त्यावरच ऐकलं होतं ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गाडी मी चालवत होते, आबा शेजारी, धुतलेली टोपी घालून. जुन्या हायवेनं ट्रकवाले हॉर्न वाजवून हात करत होते. कामशेतच्या खिंडीत गाडी जरा तापली आणि मग बरी चालली. वाटेत आबांची सवय काही जाईना. "हितं झ्याक उतार हाये," "हितं लावली असती," "ह्या पुलाच्या अल्याड लाव, पल्याड सपाट हाये." वडगाव मागं पडलं आणि ते गप्प झाले. पुढच्या रस्त्याला ही गाडी अडतीस वर्षांत लागली नव्हती.

वराळ्यात आता मोठ्या इमारती झाल्यात. विचारत विचारत गेलो. पंपाच्या मोटारी भरणारे म्हटल्यावर एका बाईनं लगेच बोट दाखवलं. सपाट अंगण, एका बाजूला उघड्या मोटारींचा ढीग, आणि पत्र्याखाली पाठमोरा बसलेला एक म्हातारा, दोरी बांधलेला चष्मा, मांडीवर मोटार घेऊन तार गुंडाळतोय. मी गाडी अंगणाच्या कडेला उभी केली. इंजिन चालूच ठेवलं, सवयीनं.

त्यांनी मान वळवली नाही. पण तार गुंडाळणारे हात थांबले. आवाज ओळखला होता त्यांनी.

तेवढ्यात आबांनी शेजारून हात घातला आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"आबा! सपाट आहे!" मी किंचाळलेच. अडतीस वर्षांची शिकवण, तोंडातून निघून गेलं.

"म्हाईत हाये," आबा म्हणाले.

काका उठून आले. वाकले होते, पण चेहरा तोच. ते गाडीपासून चार पावलांवर थांबले, पुढं आले नाहीत. आबा काठी टेकत उतरले. दोघं एकमेकांकडं बघत राहिले, तेव्हा मीच सुरुवात केली. "काका, तुमचा स्टार्टर चांगला होता. अर्थिंगच्या पट्टीखाली रंग होता. दसऱ्याचा. मीच लावला होता, पट्टी काढून, खालून वरून. मला माहीत नव्हतं हो."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "चोकची वायर तापायची का?"

"हो. बोट भाजलं माझं."

"मंग अर्थिंगच." त्यांनी मान हलवली. "त्या दिशी येक डाव बॉनेट उघडलं असतं तर..."

"चुकलं माझं," आबा म्हणाले. "लय चुकलं. चार मान्सांत म्हनलो तुला, आन् माफी मागाया असं एकट्यात आलो. तुजी भाकरी काढून घेतली म्या. तू म्हनत व्हतास बघू द्या, आन् म्या बघू दिलं न्हाई." त्यांनी गाडीकडं वळून बॉनेटची कडी काढायचा प्रयत्न केला, जमेना, मी मदतीला गेले तर मला झिडकारलं. शेवटी ती निघाली. आबांनी बॉनेट वर उचललं आणि हातानं तसंच धरून उभे राहिले. "बघ. आता बघ तू."

काका जागचे हलले नाहीत. मला वाटलं संपलं, हे आता आत निघून जातील. त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "भाऊ, ते खाली सोडा, हात भरून यील तुमचा. आदी खालनं बघाया लागंल." आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस पोतं ओढून माझ्या मदतीची वाट न बघता गाडीखाली सरकला.

खालून हात बाहेर आला. "चौदाचा पाना दे गं."

डिकीतून काढून दिला. खालून आवाज आला, "नट ढिला ठिवलायस. ह्येच शिकवलं व्हतं का तुला?" मी म्हटलं, "चुकलं काका." पाऊण आटा त्यांनी आवळला, मला कुरकूर ऐकू आली. मग ते बाहेर आले, पाठ झाडली आणि मला म्हणाले, "लाव आता रंग किती लावायचा त्यो. पर नट आवळल्याव, वरनं. आदी न्हाई."

आबांनी किल्ली काढून त्यांच्यासमोर धरली.

"म्या गाडीला हात लावत न्हाई, भाऊ. सोडलंय."

"आत्ता कुनाच्या गाडीखाली शिरलावतास मंग?" आबा ओरडले. अगदी पूर्वीसारखे ओरडले. दारातून काकांची बायको बाहेर आली, काय झालं म्हणून. आणि काका हसले. किल्ली घेतली, गाडीत बसले, दोन्ही हात थोडा वेळ स्टिअरिंगवर नुसते ठेवले आणि खटका ओढला.

गाडी चालू झाली. त्यांनी बंद केली. पुन्हा ओढला, पुन्हा चालू. पुन्हा बंद. त्या सपाट अंगणात त्यांनी ती पाच वेळा बंद करून पाच वेळा चालू केली, आणि आबा बॉनेटला टेकून उभे राहून प्रत्येक वेळी म्हणत होते, "आजून येकदा चालू कर."